दुसरं काम नसलेला डबा

उन्हाळ्यात अमरावतीत कोणाच्याही घरी गेलं की आधी कूलरचा घरघराट भेटतो आणि मग माणसं भेटतात. वकिलाच्या घरी तसं नव्हतं. भर मे महिन्यात त्याच्या हॉलमध्ये पाऊल टाकावं तर कूलर बंद, पंखा बंद, खिडक्यांना जाड पडदे आणि फ्रिजचा प्लग काढून ठेवलेला. हॉलच्या मधोमध दोन खुर्च्या. एकीत वकील, अंगात बनियन, डोक्यावर ओला पंचा, दोन्ही पाय पाण्याच्या बादलीत. दुसरीत, दुसऱ्या बादलीत पाय सोडून, डोळे मिटून बसलेले माझे वडील.

त्या घरात तिसरी बादली होती. न्हाणीघरात उपडी घातलेली मी स्वतः पाहिली होती. ती मला कधी कोणी दिली नाही.

एखाद्या माणसाबद्दल लिहायला बसलं की मनात थोडी माया असावी लागते. माझ्याकडे ती कमी आहे, हे आधीच सांगून टाकतो. मी या माणसावर शाळेपासून जळत आलो आहे. पन्नाशी उलटली, केस गेले, गुडघे कुरकुरायला लागले, पण ही जळजळ मात्र अगदी ठणठणीत आहे. आम्ही एका बाकावर बसायचो. स्नेहसंमेलनासाठी मी महिनाभर एक भाषण पाठ केलं होतं आणि ऐन वेळी तिसऱ्या वाक्यावर अडकलो. बाईंनी घाईघाईनं त्याला उभं केलं. त्यानं खिशात हात घालून सांगितलं की, "याचं भाषन लय चांगलं होतं, मी बाकावर रोज ऐकत होतो, आज तुमचं नशीब नाई." सभागृह हसलं, टाळ्या पडल्या. घरी येताना बाबा माझ्या भाषणाबद्दल काही बोलले नाहीत. चौकात आल्यावर फक्त म्हणाले, "ते पोट्टं चांगलं बोललं."

पुढे तो वकील झाला आणि मी अकोल्याला एका इंजिनिअरिंग कॉलेजात कम्प्युटर शिकवायला लागलो. सगळी अमरावती त्याला नुसतं 'वकील' म्हणते, जणू गावात दुसरा वकीलच नाही. खरं म्हणजे त्याची वकिली फारशी चालत नाही, आणि त्याला कारण तो स्वतःच आहे. अशील कागदपत्रांची पिशवी सोडायच्या आतच तो निकाल देऊन मोकळा होतो. एकदा माझ्यासमोर चांदूर बाजारकडचे एक गृहस्थ आले होते. सख्ख्या भावाशी शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, भांडण. वकिलानं सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढला आणि म्हणाला, "तुमी हारता."

"असं कसं साहेब? जमीन माझ्या बापाची."

"भावाच्या बापाची नाई का? तुमी घरी जा. भावाकडं चहा प्या. हातभर धुरा सोडून द्या, नाही तर पोराच्या लग्नात भाऊ येनार नाई."

गृहस्थ रागारागानं उठून दुसऱ्या वकिलाकडे गेले, कोर्टात हरले, आणि तेव्हापासून दरवर्षी या वकिलाच्या घरी संत्र्यांची पेटी पाठवतात. त्यांच्यासारखे आणखीही आहेत. हरलेल्या लोकांची संत्री खाऊन जगणारा दुसरा वकील मी पाहिलेला नाही. बाकी वलगावला त्याची वडिलोपार्जित काळी जमीन आहे, लग्न केलेलं नाही, त्यामुळे त्याचं कशावाचून अडत नाही. माझं मात्र आयुष्यभर कशा ना कशावाचून अडलेलंच आहे.

तर या माणसानं तो डबा आणला.

त्याला स्ट्रीमर म्हणतात. दिसायला मिठाईच्या खोक्याएवढा, काळा, जड, पुढे एक मिणमिणता दिवा. तो इंटरनेटवरून किंवा साठवून ठेवलेल्या फायलींतून गाणं उचलतो आणि पुढच्या यंत्राला देतो. ते पुढचं यंत्र आकड्यांचा आवाज करतं, मग तो अ‍ॅम्प्लिफायरमधून स्पीकरला जातो. म्हणजे हा मधला डबा निव्वळ हमाल. हेच काम माझा जुना लॅपटॉप, ज्याची दोन बटणं निघालेली आहेत आणि जो कॉलेजनं भंगारात काढला होता, फुकटात करतो. वकिलानं त्या डब्यासाठी वलगावच्या रस्त्यावरचा एक प्लॉट विकला. हे ऐकून मी तीन दिवस झोपलो नाही असं नाही, पण जेवण गेलं नाही हे खरं.

मी त्याला परोपरीनं समजावलं. म्हटलं, गाणं म्हणजे इथे शून्य आणि एक आहेत. ते इकडून तिकडे पोचले की काम झालं. शून्य महाग घेतलं म्हणून ते जास्त गोल होत नाही.

"अबे प्रोफेसर," तो म्हणाला, "तुया कम्प्युटरले किती कामं असतेत? तो मेल पायते, घड्याळ चालवते, आतल्या आत काय काय साफ करते, आन् त्याच्यातून वेळ काढून तुले गानं देते. सासरी नांदनाऱ्या बाईसारखा. एका हातानं पोळ्या लाटून राहिली, एका हातानं लेकरू झोपवून राहिली. आता ह्या डब्याले पाय. याले दुसरं कामच नाई. जो बेकाम हाये तोच मन लावून देईन न?"

"यंत्राला मन नसतं."

"तुले कोनं सांगतलं? यंत्रानं?"

बाबा बाजूला बसून गालात हसत होते. माझ्या बोलण्यावर ते असे कधी हसले ते मला आठवत नाही.

त्या डब्याची सेवा बघण्यासारखी होती. डब्याखाली संत्र्याच्या पेट्यांच्या पातळ लाकडी पट्ट्या, कारण लोखंडाच्या टेबलावर आवाज 'थरथरते' म्हणे. वायरी जमिनीला टेकू द्यायच्या नाहीत. ऐकायला बसण्याआधी हातातलं घड्याळ काढून आतल्या खोलीत उशीखाली. शेजारच्या काकूंना सक्त विनंती की सकाळी आठ ते दहा कुकर लावू नका. त्यांनी बिचाऱ्यांनी तेवढ्यापुरतं वरण पातेल्यात शिजवायला सुरुवात केली. मी माझ्या बायकोला एकदा म्हटलं की मी ऐकत असताना कुकर लावू नको. तिनं दुसरी शिट्टी होऊ दिली.

सगळ्यात कडी म्हणजे अर्थिंग. घरातल्या विजेचं अर्थिंग चांगलं नसेल तर आवाजात घाण येते, असं त्याच्या डोक्यात बसलं. हे अगदीच खोटं नाही, म्हणून मला अधिक राग. त्यानं अंगणात खोल खड्डा केला, कोळसा-मीठ भरलं, पाइप गाडला आणि उन्हाळ्यात माती कोरडी पडू नये म्हणून रोज सकाळी आंघोळ करून, कोर्टात जाण्याआधी, तांब्यानं त्या पाइपवर पाणी घालायला लागला. उघडा, ओलेत्यानं, तोंडानं काहीतरी पुटपुटत. तो बहुधा त्या दिवशीचा युक्तिवाद पुटपुटत असे. पण गल्लीतल्या बायकांनी काय ते समजून घेतलं. एका शनिवारी मी गेलो तर पाइपला हळदकुंकू लागलेलं, वर जास्वंदाचं फूल आणि खाली खडीसाखरेची पुडी.

मी पोट धरून हसलो. वकील हसला नाही. "असू दे," म्हणाला, "आवाज तर सुधारला." आणि पुडीतली खडीसाखर त्यानं बाबांना दिली, थोडी मला दिली.

हे सगळं मी लांबून बघून सोडून दिलं असतं. गावात विक्षिप्त माणसं असतातच. पण मधे बाबा होते.

आई गेल्यापासून बाबा अमरावतीच्या घरात एकटे राहायचे. मी दर शनिवारी अकोल्याहून एसटीनं जायचो, औषधं भरायचो, रविवारी परत. दोन वर्षं मी त्यांच्या मागे लागलो होतो की आता अकोल्याला चला. शेवटी एका दिवाळीत ते 'बरं' म्हणाले. मी लगोलग मागची खोली रंगवून घेतली, पलंग घेतला, न्हाणीत धरायला दांडा बसवला. संक्रांतीनंतर यायचं ठरलं. बायकोनं त्यांच्यासाठी जाड पांघरूण शिवून घेतलं. आणि नेमका त्याच महिन्यात वकिलाकडे डबा आला. बाबा सहज बघायला म्हणून गेले, आणि मग रोज जायला लागले. संक्रांत गेली, होळी गेली. मी विचारलं की म्हणायचे, "येतो न रे. पन तथी असा आवाज नाई."

शनिवारी मी पिशवी घेऊन दारात उभा राहायचो तर घराला कुलूप. शेजारचे सांगायचे, "वकिलाकडं असतीन." मग मी त्याच्या घरी जाऊन, भिंतीला टेकून, दोन बादल्यांकडे बघत गाणं संपायची वाट बघायचो. माझा बाप होता. भेटायला मला दुसऱ्याच्या घरी रांग लावावी लागत होती.

एकदा गाणं संपल्यावर वकील म्हणाला, "काका, तुमच्या अकोल्याच्या बुवांकडं ही तान अशीच शिकवत का?"

"नाई. ते अलग घेत," बाबा म्हणाले.

मी विचारलं, कोणते बुवा? तेव्हा कळलं की पोस्टात नोकरी लागायच्या आधी बाबा अकोल्याला एका गवयाकडे चार वर्षं गाणं शिकले होते. जुन्या शहरात त्यांच्याकडेच राहायचे, त्यांचं पाणी भरायचे, पहाटे रियाज करायचे. नोकरी लागली, लग्न झालं, सुटलं. मी पन्नाशीचा झालो होतो. ज्या गावात मी पंचवीस वर्षं राहतो त्या गावात माझा बाप गाणं शिकला होता, आणि हे मला वकिलाच्या हॉलमध्ये उभ्या उभ्या कळत होतं.

बाहेर आल्यावर मी त्याला विचारलं, "तुला हे कसं माहीत?"

"म्या इचारलं," तो म्हणाला. "काका डोळे मिटून मुंडी हालवत होते, ते समेवर बरोबर हाले. म्या इचारलं, काका, तुमी शिकले का कुठी? मले तर गान्यातलं काही समजत नाई बापा. ते सांगतेत, मी ऐकतो."

म्हणजे हा माणूस, ज्याला तोडी आणि भैरवी यांतला फरक कळत नव्हता, तो माझ्या बापाचा शिष्य होऊन बसला होता. आमच्या घरात वडिलांना असलं काही विचारायची पद्धत नव्हती. ते पेपर वाचायचे, आम्ही अभ्यास करायचो. त्याच्या घरात मात्र सगळ्या पद्धती त्यानंच ठरवलेल्या होत्या. त्या दिवशी एसटीत बसल्यावर अकोल्याच्या अलीकडचं बोरगाव येईपर्यंत मला नुसतं गरम होत राहिलं.

बाबा म्हणतात, तिथे असा आवाज नाही. ठीक आहे. मग 'असा आवाज' म्हणून काही नसतोच, हे मी सिद्ध करून दाखवतो. त्यांना अमरावतीत अडकवून ठेवणारा खिळा तोच आहे ना? तो उपटला की झालं.

मी वकिलाला आव्हान दिलं. तुझा डबा आणि माझा भंगारातला लॅपटॉप, दोन्ही एकाच यंत्राला जोडू. बाकी स्पीकर, वायरी, सगळं तुझंच. काय वाजतंय ते दिसणार नाही. ओळखून दाखव.

"तू मले कोर्टात खेचून राहिला?" त्याचे डोळे चमकले. "मंजूर. साक्षीदार कोन?"

"बाबा."

त्यानं बाबांकडे पाहिलं. "काका, खरं सांगसान न?"

"सांगीन न," बाबा म्हणाले, पण त्यांचा आवाज जरा खाली गेला होता.

रविवारी सकाळी मी बायकोलाही सोबत आणलं. तिला कुठल्याच बाजूची पर्वा नव्हती, म्हणून तिच्याकडे बदलण्याचं काम. दोन्ही यंत्रं आतल्या खोलीत ठेवली, मधे पडदा. लॅपटॉपचा पंखा उन्हात फार बोंबलतो, म्हणून त्याच्याखाली बर्फाचं ताट दिलं. दोन्हींचा आवाज मी मोबाइलवर मोजून तंतोतंत सारखा केला, कारण जरा मोठं वाजलं की ते चांगलंच वाटतं. कूलर बंद झाला. दोघांनी बादल्यांत पाय सोडले. मी भिंतीला टेकलो. आतून बायको म्हणाली, "लवकर आटपा, मी इथी भाजून राहिली."

एका जुन्या गवयाची तोडी लावली होती. तोच तुकडा एकदा, आणि पुन्हा एकदा.

वकील डोळे मिटून ऐकत होता. दुसऱ्यांदा संपल्यावर त्यानं बोट वर केलं. "दुसरा. दुसरा हा आपला डबा. पाय न, तानपुरा कसा भिंतीच्या मांगं गेला. पहिल्यात तो इथी नाकासमोर लटकून होता."

"हाव, दुसरा," बाबा म्हणाले. "दुसऱ्यात गंधार पुरा दिसला."

"दुसरा लॅपटॉप होता," आतून बायको म्हणाली.

पुन्हा केलं. पुन्हा पुन्हा केलं. कधी बरोबर आलं, कधी चुकलं. नाणं उडवून सांगितलं असतं तरी यापेक्षा वाईट आलं नसतं. वकील मात्र प्रत्येक वेळी तेवढ्याच खात्रीनं बोलत होता. शेवटच्या खेपेला तर त्यानं कमाल केली. म्हणाला, "आता दूध का दूध झालं. पहिला म्हनजे आपल्या अंगनातलं मोगऱ्याचं झाड. दुसरा म्हनजे त्याचा फोटो. लहान लेकरूबी सांगीन."

बायको पदरानं तोंड पुसत बाहेर आली. "भाऊजी, दोन्ही वेळा लॅपटॉपच होता. माह्यानं ते बटन दाबनं होत नव्हतं, हात ओले होते बर्फानं."

मला इतका आनंद झाला की तो चेहऱ्यावर दिसू नये म्हणून मी खिडकीकडे वळलो. पडदा बाजूला सारला, कूलरही मीच लावला. मग वळून वकिलाचा पडलेला चेहरा बघायला म्हणून पाहिलं, तर त्याचा चेहरा जागेवर होता. पडला होता तो बाबांचा. ते आपल्या बादलीतल्या पायांकडे बघत होते. माझा बाप त्याच्या हरण्यानं खट्टू झाला होता, आणि मी जिंकलो याचं त्याला काही नव्हतं.

वकील हसायला लागला. असा हसला की बादलीतलं पाणी फरशीवर आलं. "हारलो बापा, साफ हारलो! मोगऱ्याचं झाड म्हटलं म्या! वहिनी, मोगऱ्याचं झाड!" मग त्यानं पाय बाहेर काढले, ओल्या पावलांनी आत गेला, डब्याच्या वायरी सोडवल्या, कोरड्या पंच्यानं तो पुसला, कोर्टात घालायच्या काळ्या कोटात गुंडाळला आणि माझ्या हातात आणून दिला. संत्र्याच्या पट्ट्यासुद्धा वर ठेवल्या.

"हे काय?"

"अकोल्याले ने."

"अरे, पण आत्ताच सिद्ध झालं ना, की याच्यात आणि लॅपटॉपमध्ये काही फरक नाही? मग मी हा नेऊन काय करू?"

"तुयासाठी फरक नाई. काका म्हनतेत, तथी असा आवाज नाई. आता आवाजच तथी गेला, तर काका काय म्हनतीन?" तो बाबांकडे वळला. त्याचं हसणं थांबलं होतं. "काका, आता तुमच्यापाशी कारन रायलं नाई. खोली रंगवून ठेवली हाये त्यानं. जा आता पोराकडं."

बाबा आपल्या पंच्याचं टोक घेऊन एक एक पाय कोरडा करत बसले.

"लॅपटॉप ठेवून जाय," वकील मला म्हणाला. "जिंकलेला हाये तो. मी त्यालेच ऐकीन."

त्या क्षणाइतका मी त्याच्यावर कधी जळलो नाही. प्लॉट विकून आणलेली वस्तू त्यानं उचलून दिली, याचं मला विशेष वाटलं नाही. मी बापाला सोडवायला निघालो होतो, सगळं शास्त्र वापरून, तंतोतंत मोजून, आणि बाप माझ्या हवाली केला तो त्यानं. खटला मी जिंकलो आणि दान त्यानं दिलं. घरात उरलेल्या त्या दोन खुर्च्यांतल्या एकीत आता कोण बसणार होतं हे त्यालाही माहीत होतं, आणि तरी तो त्याच संध्याकाळी आम्हाला एसटी स्टँडपर्यंत सोडायला आला, बाबांची वळकटी स्वतःच्या खांद्यावर घेऊन. गाडी सुटताना खिडकीतून बाबांच्या हातात त्यानं चटणीत भिजलेल्या गिलावड्याचं पार्सल दिलं. मला म्हणाला, "अर्थिंग करून घेजो."

अकोल्यात बाबांचं सगळं नीट झालं. खोली त्यांना आवडली, पांघरूण आवडलं. मी डबा हॉलमध्ये, लॅपटॉपच्या जागी, माझ्या जुन्या अ‍ॅम्प्लिफायर-स्पीकरांना लावला, संत्र्याच्या पट्ट्यांवर. हसायचं तर हसा, मी अर्थिंगही करून घेतलं. आणि एक गोष्ट मी विद्यार्थ्यांना कधी सांगणार नाही, ती इथे सांगतो. माझ्या हॉलमध्ये, माझ्याच परीक्षेचा निकाल पाठ असताना, मला त्या डब्याचा आवाज लॅपटॉपपेक्षा चांगला वाटला. तो माझ्या घरात होता म्हणून वाटला असेल. वकिलाचा होता म्हणूनही वाटला असेल.

बाबा रोज सकाळी समोर बसायचे. मी कॉलेजची वेळ बदलून घेतली आणि शेजारी बसायला लागलो. बायकोनं, कोणी न सांगता, त्या वेळेत कुकर लावणं बंद केलं. मी मनाशी जुळवाजुळव करून प्रश्न विचारायचो. "बाबा, हा आत्ता लागला तो कोणता स्वर?"

"गंधार."

"कोमल का?"

"हाव."

आणि संपलं. वकिलाला ते अर्धा अर्धा तास सांगायचे. मला एका शब्दात उत्तर, पोस्टाच्या खिडकीतून देतात तसं. माझे प्रश्न चुकीचे नव्हते. मी आधी वाचून काढलेले असायचे. बाबांना कदाचित तेच कळत असावं, की याला उत्तर माहीत आहे. संध्याकाळी ते गॅलरीत बसायचे आणि रस्त्यावरच्या अमरावतीच्या गाड्या बघायचे. तक्रार एका शब्दाची नाही. जेवण झालं की ताट स्वतः उचलून ठेवायचे, पाहुण्यासारखं.

मग एका सकाळी, ऐकता ऐकता, त्यांनी एकदम डोळे उघडले. खुर्चीत पुढे सरकले. "थांबव. मांगं घे जरा."

मी मागे घेतलं. गवई एका जागी येऊन, पुढे जाईल असं वाटत असताना, हलकेच परत फिरत होता. बाबांचा हात हवेत उठला.

"अजून एकदा," ते म्हणाले. त्यांचा चेहरा मी असा पाहिला नव्हता. त्यांच्या बरोबर मीही पुढे सरकलो. आता सांगतील, मला वाटलं. आता मला सांगतील.

"फोन लाव," बाबा म्हणाले.

"कोणाला?"

"वकिलाले. हे त्याले ऐकवलं पायजे. हीच जागा म्या त्याले सांगत होतो, आमचे बुवा अशीच घेत."

मी फोन लावला. फोनचा स्पीकर सुरू केला. पलीकडून तो म्हणाला, "बोला काका!" आणि बाबा म्हणाले, "बोलू नको, ऐक." मग मला खूण केली. मी तो तुकडा पुन्हा लावला आणि हात लांबवून फोन स्पीकरसमोर धरला. प्लॉट विकून आणलेल्या डब्यातून निघालेला आवाज माझ्या मोबाइलच्या टिचभर भोकातून आत शिरत होता आणि तिकडे त्याच्या मोबाइलच्या तशाच भोकातून बाहेर पडत होता.

"वा!" वकील ओरडला. "वा काका! काय आवाज हाये! पन काय केलं त्यानं? वर गेला का खाली आला? मले नाई समजलं, सांगा न."

बाबा उठले. दोन्ही मोठ्या स्पीकरांकडे त्यांनी पाठ केली आणि माझ्या हातातल्या फोनपाशी येऊन उभे राहिले, इतके जवळ की त्यांचा श्वास माझ्या मनगटाला लागत होता. "अरे, वर गेला नाई तो. जातो असं दाखवलं. असं पाय," ते म्हणाले, आणि शब्दांत सांगता येईना तेव्हा ते गायला लागले.

मी त्यांना गाताना कधीच ऐकलं नव्हतं. आवाज जुना होता, वरच्या स्वराला फाटत होता, पण ती वळण्याची जागा आली तेव्हा त्यांनी ती अशी घेतली की स्वयंपाकघरातून बायको हातातलं टाकून दारात आली. मी दुसऱ्या हातानं डबा बंद केला. पलीकडे तो मधेच "हां" म्हणत होता, आणि प्रत्येक 'हां'वर बाबा नव्यानं सुरुवात करत होते, फोनमध्ये वाकून, त्याला दिसत असल्यासारखे हात हलवत.

माझ्याकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही. माझा हात भरून आला, दुखायला लागला, तरी मी फोन खाली केला नाही. केला असता तर ते थांबले असते.